द्वेषमूलक खटल्याची भरपाई (भारत)

राजकीय वा अन्य आकसापोटी भरलेल्या फौजदारी खटल्यातून सुटलेल्या व्यक्तीला द्यावयाची रक्कम. ‘राजकीय खटला’ अशी वेगळी कोटी भारतीय कायद्यात नाही. कायदा पाहतो तो आकस आणि सबळ कारणाचा अभाव. आमदार असो वा हमाल, सिद्ध करायचे तेच; आमदाराला वकील लवकर मिळतो, इतकेच.

दिवाणी दाव्याची मुदत सुटकेपासून एक वर्ष. वादीला नुसती निर्दोष मुक्तता दाखवून भागत नाही. संशयाचा फायदा मिळून सुटका झाली म्हणजे फिर्याद खोटी होती असे ठरत नाही, आणि आकसाचा पुरावा बहुधा पोलिसांच्याच कागदांत असतो. शिवाय कस्तुरीलाल खटल्यातील (१९६५) निकालाने सार्वभौम कार्याच्या नावाखाली शासनाला संरक्षण दिले. फौजदारी प्रक्रिया संहितेतली तरतूद त्याहून तोकडी होती : विनाकारण अटक करविणाऱ्याकडून फार तर १,००० रुपये, तेही फिर्यादीकडून, शासनाकडून नव्हे. तिच्या जागी २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही हा आकडा तसाच राहिला.

खरी वाट रिट अर्जाने उघडली. बिहारच्या रुदुल साह यांची १९६८ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. तुरुंगातून बाहेर पडायला १९८२ उजाडले. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने अनुच्छेद ३२ खाली त्यांना ३०,००० रुपये देवविले. हा कारभाराचा गलथानपणा होता, राजकारण नव्हे. राजकारण आले ते १९८५ च्या भीमसिंह प्रकरणात. जम्मू-काश्मीरच्या या आमदाराला श्रीनगरच्या वाटेवर पकडून ठेवले, म्हणजे विधानसभेत जाता येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने ५०,००० रुपये मंजूर केले. खटला उभाच राहिला नव्हता, म्हणून सुटकेचा प्रश्नही नव्हता. तरी आकसाची भरपाई होते, हे येथे ठरले.

सर्वात गाजलेले प्रकरण नंबी नारायणन यांचे. इस्रोच्या या शास्त्रज्ञाला हेरगिरीच्या आरोपाखाली नोव्हेंबर १९९४ मध्ये केरळ पोलिसांनी अटक केली. त्या वादळात मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना १९९५ मध्ये पद सोडावे लागले. १९९६ मध्ये सीबीआयने आरोप निराधार ठरविले. सर्वोच्च न्यायालयाचा ५० लाखांच्या भरपाईचा आदेश मात्र सप्टेंबर २०१८ मध्ये आला. याउलट अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात २०१४ मध्ये सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये ती नाकारली : प्रत्येक मुक्त आरोपीला पैसे देण्याचा पायंडा घातक ठरेल, असे कारण दिले. मिळाली तर दाद, नाही तर नाही. यास हक्क म्हणणे कठीण.

सुटका म्हणजे निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे, ही अडचण विधी आयोगाच्या २७७ व्या अहवालाने (२०१८) वळसा घालून सोडविली. आरोपी खरोखर निर्दोष होता का, याऐवजी तपास वा खटला गैरहेतूने चालविला का, हे विशेष न्यायालयांनी तपासावे आणि शासनाने भरावे, अशी शिफारस त्यात आहे. नव्या संहितेत ही शिफारस आली नाही.

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला १९७९ मध्ये मान्यता देताना बेकायदा अटकेच्या भरपाईचा हक्क भारतीय कायद्यात नाही, असे भारताने लेखी नोंदविले. डी. के. बसू खटल्यात (१९९७) न्यायालयाने त्या नोंदीला आता अर्थ उरला नसल्याचे म्हटले. सरकारने ती मागे घेतलेली नाही.