पृष्ठरचना, सर्व्हरवरील
ब्राउझरमध्ये दाखवावयाच्या पृष्ठाचा एचटीएमएल साचा सर्व्हरवरच माहितीने भरून तयार पृष्ठ धाडण्याची पद्धती. ठरावीक रकान्यांचा कोरा नमुना आणि त्यात भरावयाच्या नोंदी, ही तिच्यामागील कल्पना महसुली दप्तरास नवी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व तीखालील १९७१ चे नियम यांनुसार गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व बारा (पिकांची नोंदवही) यांचे रकाने ठरलेले असून तलाठी हाताने भरून नक्कल देत असे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न येथे घडविलेल्या वेबवर प्रारंभी पृष्ठे आधीच लिहून ठेवलेली असत. १९९३ मध्ये सीजीआय हा संकेत निघाला व मागणी येताच सर्व्हरवरील प्रोग्रॅम पृष्ठ रचू लागला. मात्र एचटीएमएल प्रोग्रॅमच्या पोटात विखुरलेले राही. पीएचपी (१९९५) व एएसपी (१९९६) यांनी क्रम उलटविला : साचा मुख्य झाला व आज्ञा त्याच्या पोटात गेल्या.

मुंबई–पुणे व मुंबई–गोवा हे रस्ते जेथे फुटतात त्या पळस्पे (ता. पनवेल, जि. रायगड) येथील जमिनीचा सातबारा ‘महाभूलेख’वर पाहताना विभाग, जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक निवडावा लागतो. साच्यात पळस्प्याचे काहीच नसते; तेथील नोंदी मागणीनंतर भरल्या जातात.

२००५ नंतर साचे ब्राउझरमध्येच भरण्याकडे कल वळला. त्यामुळे पृष्ठ प्रथम रिकामे पोहोचे. साध्या फोनवर विलंब होई आणि शोधयंत्रांस मजकूर सापडत नसे. नोड.जेएस (२००९) व रिअॅक्ट (२०१३) यांमुळे ब्राउझरसाठी लिहिलेले साचे सर्व्हरवरही भरता येऊ लागले. तथापि सर्व्हरवर ब्राउझरची खिडकी नसल्याने, तिचा आधार घेणारे साचे तेथे अडतात.

सर्व्हरने रचलेले एचटीएमएल पृष्ठही वाचणाऱ्याच्या हाती पडल्यावर बदलता येते, हे विसरले जाते. म्हणून महाभूलेखावरील विनामूल्य उतारा केवळ माहितीपुरता असतो. १ मे २०१८ पासून मिळू लागलेल्या सातबाऱ्यावर मात्र अंकीय स्वाक्षरी असते व पुढे अक्षर बदलल्यास ती जुळत नाही. मूळ नोंदच चुकीची असेल, तर चूकही स्वाक्षरीसह छापली जाते. लेखनप्रमाद असल्यास तो संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त करून घ्यावा लागतो.