नर्मदेचा घोडा आणि टॉलेमीचे नाव

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने भारतातील नद्यांची नोंद करताना नर्मदेला ‘नामाडोस’ म्हटले. पुढे सुमारे सतराशे वर्षांनी हेच रूप एका नामशेष प्राण्याच्या नावात शिरले: इक्वस नामाडिकस.

नाव देणारे दोघे कंपनी सरकारचे नोकर. ह्यू फाल्कनर पेशाने वैद्य आणि सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक. प्रोबी कॉटली गंगा कालव्याचे अभियंते. शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांसाठी १८३७ साली त्यांना वोलास्टन पदक मिळाले. नर्मदेच्या गाळातील हाडे त्याच दशकात डॉ. स्पिल्सबरी यांच्यासारखे अधिकारी गोळा करीत होते. १८४९ पर्यंत निघालेल्या ‘फॉना अँटिक्वा सिवालेन्सिस’ या चित्रग्रंथातून नर्मदेच्या घोड्याला नाव मिळाले. चित्रांची वर्णने मात्र फाल्कनर यांच्या मृत्यूनंतर, १८६८ च्या सुमारास, त्यांच्या टिपणांतून छापली गेली. आधी नाव, मागून वर्णन!

ओळख ठरली ती दाढांवरून. घोड्याच्या वरच्या दाढेत आतल्या बाजूस एनॅमलने वेढलेला एक उंचवटा असतो. तीन खुरांच्या हिपॅरिऑनमध्ये तो सुट्या बेटासारखा दिसतो, तर इक्वसमध्ये उरलेल्या दाढेला जोडलेल्या द्वीपकल्पासारखा. शिवालिकच्या इक्वस सिवालेन्सिसमध्ये हा भाग आखूड, नामाडिकसमध्ये लांबट. पण दाढ झिजते तशी ही नक्षीही बदलते. म्हणून एखाद्या सुट्या दाढेवरून जात ठरवणे धोक्याचेच.

पालघर-बोईसरच्या काळ्या कातळात असा घोडा शोधून उपयोग नाही. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि अश्वकुळाचे सर्वांत जुने ज्ञात जीवाश्म सुमारे साडेपाच कोटी वर्षांचे. महाराष्ट्रात पाहायचे ते कातळावर साचलेल्या नदीच्या गाळात. नर्मदेच्या हत्तीलाही याच जोडीने ‘नामाडिकस’ म्हटले होते. तो हत्ती गोदावरीच्या गाळात, नांदूर-मधमेश्वर येथे सापडल्याचे गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली प्रसिद्ध केले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे जी. एल. बदाम यांनी १९७९ च्या ग्रंथात भारतातील प्लायस्टोसीन प्राण्यांचा आढावा घेतला.

‘भारतात घोडा मुळापासूनच होता’ या वादात नामाडिकसला वारंवार साक्षीला बोलावले जाते. येथे नाव नीट वाचले पाहिजे. त्यातील पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. लिनियसने १७५८ साली इक्वस या वंशात घोड्याबरोबर गाढव आणि झेब्राही घातले होते. तेव्हा हाडावर ‘इक्वस’ अशी चिठ्ठी असली म्हणून ते रथाच्या घोड्याचे ठरत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने आजच्या पाळीव घोड्याचे मूळ व्होल्गा-डॉन खोऱ्यांच्या गवताळ प्रदेशात दाखवले. तेथून तो इसवी सनपूर्व २००० च्या सुमारास झपाट्याने पसरला. नर्मदेचा घोडा त्याच्या हजारो वर्षे आधीचा, वेगळ्या जातीचा, आणि कोणाच्याही पागेत न बांधलेला.