ग्लुटामेट ग्राहीरोधके आणि मेंदूची आघातजन्य इजा

ग्लुटामेट ग्राहीरोधके ही ग्लुटामेट या चेतापारेषकाची पेशीवरील ग्राहींवर (रिसेप्टरवर) होणारी क्रिया रोखणारी औषधे आहेत. डोक्याला मार लागल्यानंतर मेंदूतील पेशी वाचवण्यासाठी १९८० च्या दशकापासून त्यांचा अभ्यास झाला. प्राण्यांमध्ये आशादायक ठरलेली ही औषधे इजेनंतर लगेच दिल्या गेलेल्या मोठ्या मानवी चाचण्यांत मात्र अपयशी ठरली.

== पार्श्वभूमी ==
ग्लुटामेट हा मेंदूतील प्रमुख उत्तेजक चेतापारेषक असून शिकणे व स्मरण यांसाठी तो आवश्यक असतो. आघातानंतर मात्र तो पेशींबाहेर प्रमाणाबाहेर साचतो. त्यामुळे एन.एम.डी.ए. ग्राहींच्या मार्गिका उघड्या राहतात, कॅल्शियम पेशीत शिरते आणि पेशीतील विकरे तिचेच घटक तोडू लागतात. ग्लुटामेटमुळे उंदरांच्या मेंदूत होणारी हानी अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये दाखवली. ‘एक्सायटोटॉक्सिसिटी’ ही संज्ञाही त्यांचीच. १९८९ मध्ये ॲलन फेडन व सहकाऱ्यांनी, आघातानंतर उंदरांच्या मेंदूत ग्लुटामेट वाढते आणि ग्राहीरोधक दिल्यास हानी घटते, असे नोंदवले.

== मानवी चाचण्या ==
सेल्फोटेल या औषधाच्या दोन चाचण्यांत तीव्र इजेचे एकूण ६९३ रुग्ण होते. औषध घेणाऱ्या गटांतील मृत्यू व दुष्परिणामांच्या चिंतेमुळे, तसेच पक्षाघातावरील समांतर चाचण्यांतील मृत्यूंमुळे, त्या मुदतीआधीच थांबवण्यात आल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कोणताही लाभ आढळला नाही. ट्रॅक्सोप्रोडिल (२००५, ४०४ रुग्ण) आणि डेक्सानाबिनॉल (२००६, ८६१ रुग्ण) यांचीही तीच गत झाली. मॅग्नेशियम हा या मार्गिकेचा नैसर्गिक अडसर. पण ४९९ रुग्णांवरील २००७ च्या चाचणीत मॅग्नेशियम सल्फेटचा फायदा झाला नाही, उलट जास्त मात्रेच्या गटात मृत्यूंचे प्रमाण अधिक होते.

== अपयशाची मीमांसा ==
क्रिसंथी इकोनोमिदू व लेखोस्वाव तुर्स्की यांनी २००२ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण सर्वाधिक चर्चिले जाते. ग्लुटामेटचा अतिरेक अल्पकाळ टिकतो. त्यानंतर पेशी जगण्यासाठी आणि सावरण्यासाठी हेच ग्राही कार्यरत असावे लागतात. म्हणजे रुग्णालयात पोहोचून औषध सुरू होईपर्यंत रोखण्याजोगे फारसे उरलेले नसते आणि हवी असलेली क्रियाच रोखली जाते. २००४ मध्ये अनात बिगॉन व सहकाऱ्यांच्या प्रयोगाने याला बळ दिले. उंदरांमध्ये ग्राहींची अतिसक्रियता तासाभरापेक्षा कमी टिकली, त्यानंतर किमान सात दिवस त्या मंदावलेल्या होत्या. आणि या काळात ग्राहींना उत्तेजन दिल्यावर उंदीर अधिक चांगले सावरले.

अमँटाडिन हे सौम्य एन.एम.डी.ए. रोधक इजेनंतर ४ ते १६ आठवड्यांनी, अर्धवट शुद्धीतील १८४ रुग्णांवरील चाचणीत दिल्यावर सुधारणेचा वेग वाढल्याचे २०१२ मध्ये आढळले. मात्र ते डोपामिनवरही परिणाम करते, त्यामुळे हे श्रेय ग्लुटामेट रोखण्याला देता येत नाही.