जॉर्ज विटेट यांची दुहेरी मुंबई

११ नोव्हेंबर १९०५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते ज्या संग्रहालयाची कोनशिला बसली, त्याच्या इमारतीसाठी १९०९ मध्ये खुली स्पर्धा घेण्यात आली आणि मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांचे साहाय्यक म्हणून आलेले स्कॉटिश वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा आराखडा निवडला गेला. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू इंडो-सारासेनिक शैलीची, म्हणजे युरोपीय पद्धतीच्या सार्वजनिक इमारतीवर हिंदुस्थानी घुमट, कमानी, छज्जे व जाळ्या यांचा पेहराव चढवणाऱ्या शैलीची आहे. मधला घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर उभारलेला असला, तरी दगड कुर्ला आणि मालाडच्या खाणींतला आहे. शिवाय घुमटाखाली नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेली कोरीव लाकडी कमानींची रचना बसवलेली असल्याने नक्कल आणि अस्सल यांतील फरक पाहणाऱ्याला तेथेच पारखता येतो. इमारत १९१४ मध्ये पुरी झाली, परंतु महायुद्धात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेल्यामुळे संग्रहालय १९२२ मध्ये खुले झाले.

विटेट यांच्याच गेटवे ऑफ इंडियाची कथा अधिक विलक्षण आहे. राजे पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले, पण त्या आगमनाच्या या स्मारकाचा आराखडा पक्का व्हायला १९१४ उजाडले. सोळाव्या शतकातील गुजराती वास्तुशैलीची आठवण देणारी ही कमान खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी, म्हणजे पाहुणे येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी.

याच विटेट यांनी समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरील बॅलार्ड इस्टेटमध्ये मात्र घुमटाला थारा दिला नाही. तेथील कचेऱ्यांची दर्शनी बाजू एडवर्डकालीन अभिजात शैलीची, म्हणजे ग्रीक-रोमन परंपरेला विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये मिळालेल्या वळणाची आहे, आणि सलग रस्ते एका साच्यातले दिसतात. राज्यसत्तेला आपण या देशातील जुन्या सत्तांचे वारस आहोत असे दाखवायचे होते, तर जहाज आणि विमा कंपन्यांना लंडनची पत हवी होती, असा अर्थ यातून काढणे वावगे ठरणार नाही. तथापि १९२४ मध्ये पूर्ण झालेले टाटांचे बॉम्बे हाऊस, हेही विटेट यांचेच, या अर्थाला थोडे अडवते. मालक देशी, दगड मालाडचा, पण चेहरा युरोपीयच राहिला.