ग्रेहाऊंड कुत्र्यांच्या शर्यती एकेक देश बंद का करतोय?

१० डिसेंबर २०२४ रोजी न्यूझीलंडचे रेसिंग मंत्री विन्स्टन पीटर्स यांनी जाहीर केलं की देशातल्या ग्रेहाऊंड शर्यती बंद होणार. त्यासाठी जुलै २०२६ अखेरची मुदत ठरली. पीटर्स हे काही प्राणीहक्क चळवळीतलं नाव नाही. घोड्यांच्या शर्यतींवर जीव असलेला, रेसिंग खातं आवडीने सांभाळणारा हा नेता. वर्षानुवर्षं सुधारणा करूनही जखमी होणाऱ्या कुत्र्यांचं प्रमाण कमी होत नाही, असं कारण त्यांनी दिलं.

घोषणेबरोबरच न्यूझीलंडच्या संसदेने आणखी एक कायदा तातडीने संमत केला. शर्यती बंद होणार म्हटल्यावर मालकांनी निरुपयोगी ठरलेली कुत्री मारून टाकू नयेत, यासाठी. असा कायदा आधीच करून ठेवावा लागला, यावरूनच या धंद्याची बरीच कल्पना येते.

शर्यत असते कशी?

ग्रेहाऊंड हा शिकारी कुत्रा. वासावर नाही, नजरेवर शिकार करणारा. आपल्याकडचा कारवानी त्याच प्रकारातला: लांब पाय, खोल छाती, पोट आत गेलेलं. ग्रेहाऊंड ताशी ६५ ते ७० किलोमीटर वेगाने धावू शकतो.

पूर्वी त्याच्यापुढे जिवंत ससा सोडून शर्यत लावायचे. ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकन माणसाने सशाच्या जागी यंत्रावर पळणारं खोटं आमिष आणलं आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरिव्हिल इथे ट्रॅक सुरू केला. जुलै १९२६ मध्ये हा खेळ मँचेस्टरच्या बेल व्ह्यू ट्रॅकवर पोहोचला आणि बघता बघता ब्रिटनमधल्या कामगार वस्त्यांची संध्याकाळची करमणूक झाला. घोड्यांची शर्यत दुपारी, गावाबाहेर आणि साहेबलोकांची. ही मात्र दिव्यांच्या उजेडात, घराजवळ, कामावरून सुटल्यावर. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं इंग्लिश ग्रेहाऊंड डर्बी जिंकणारा 'मिक द मिलर' इतका लोकप्रिय होता की मेल्यावर त्यात भुसा भरून त्याला संग्रहालयात ठेवलं. आजही तो ट्रिंगच्या संग्रहालयात आहे.

खेळ सोपा आहे. सहा किंवा आठ कुत्री खोक्यांत उभी असतात, आमिष पुढून सर्रकन जातं, दारं उघडतात. अर्ध्या मिनिटात सगळं संपतं. लोक पैसे लावतात ते या अर्ध्या मिनिटावर.

मग दुखापत होते कुठे?

वळणावर.

माणूस वळणावर धावताना आपोआप थोडा मंदावतो. ग्रेहाऊंड मंदावत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या दोन संशोधकांनी ४० ग्रेहाऊंडचं धावणं तपासलं आणि निष्कर्ष २००५ मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. वळणावर कुत्र्याच्या पायांवरचा भार सुमारे ६५ टक्क्यांनी वाढतो, तरी तो वेग सोडत नाही, असं त्यांना आढळलं. सरळ रेषेत सशामागे पळण्यासाठी घडलेलं शरीर लंबगोल ट्रॅकवर गरगर फिरवलं जातं, आणि कुत्र्याला ब्रेक लावायचं सुचत नाही.

शर्यती घड्याळाच्या उलट दिशेने होतात. त्यामुळे वळणावर बाहेरच्या बाजूला असलेल्या उजव्या मागच्या पायावर पुन्हा पुन्हा ताण येतो. त्या पायाच्या घोट्यातलं एक छोटं हाड मोडणं ही रेसिंग ग्रेहाऊंडची इतकी ठरलेली दुखापत आहे की प्राण्यांचे डॉक्टर ती पाहून कुत्र्याचा धंदा ओळखतील. हाड एका झटक्यात मोडतंच असं नाही. सरावातून ते आधीच थकलेलं असतं.

त्यात सगळ्यांचं लक्ष एकाच आमिषावर. पहिल्या वळणावर सगळी कुत्री आतली बाजू धरायला जातात आणि एकमेकांवर आदळतात. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शर्यतीत कुत्री कमी ठेवा, ट्रॅक सरळ करा, असे उपाय सुचवले होते. पण सरळ ट्रॅक म्हणजे नवी जमीन आणि नवा खर्च.

हे हाड माणसाच्या भाषेत बरं होण्यासारखं असतं. प्लास्टर, शस्त्रक्रिया, काही महिने आराम. पण त्यानंतर कुत्रा पळेलच याची खात्री नाही, आणि न पळणाऱ्या कुत्र्याच्या उपचाराचं बिल कोणी भरायचं हा प्रश्न उरतो. ट्रॅकवरच इंजेक्शन देऊन मारलेल्या कुत्र्यांपैकी अनेकांच्या मृत्यूमागे हा हिशोब आहे.

न जिंकणाऱ्या कुत्र्यांचं काय?

ट्रॅकवर दिसते ती या धंद्याची एकच बाजू. ग्रेहाऊंड साधारण दीड वर्षाचा झाला की पळायला लागतो आणि चार-पाच वर्षांचा होईतो निवृत्त होतो. आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचं. आणि जे मुळात वेगवान निघतच नाहीत त्यांचं काय?

याचं सर्वात ठोस उत्तर ऑस्ट्रेलियात मिळालं. फेब्रुवारी २०१५ मध्ये एबीसी वाहिनीच्या 'फोर कॉर्नर्स' कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं की काही प्रशिक्षक कुत्र्यांना चेव यावा म्हणून आमिषाच्या यंत्राला जिवंत ससे, पॉसम, डुकराची पिल्लं बांधत होते. खोट्या सशाने जिवंत सशाला वाचवलं, हा शंभर वर्षांचा दावा एका रात्रीत पडला.

न्यू साऊथ वेल्स राज्याने माजी न्यायमूर्ती मायकल मॅकह्यू यांच्याकडे चौकशी सोपवली. अहवालात निघालेला आकडा त्या चित्रफितीपेक्षा भयंकर होता. १२ वर्षांत राज्यात सुमारे ९८ हजार ग्रेहाऊंड जन्माला घातले गेले आणि त्यांतले ४८,८९१ ते ६८,४४८ कुत्रे हळू किंवा शर्यतीला अयोग्य म्हणून मारले गेले. म्हणजे किमान निम्मे.

जुलै २०१६ मध्ये मुख्यमंत्री माइक बेअर्ड यांनी बंदी जाहीर केली. ग्रामीण भागातून आणि स्वतःच्या सरकारमधल्या मित्रपक्षाकडून इतका विरोध झाला की ऑक्टोबरमध्ये त्यांनी ती मागे घेतली. तिथे शर्यती आजही होतात.

मग फ्लोरिडात बंदी कशी टिकली?

कारण तिथे ट्रॅकवाल्यांनाच कुत्री नको होती.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या १७ ट्रॅकपैकी ११ फ्लोरिडात होते. प्रेक्षक कधीच निघून गेले होते. पण राज्याच्या कायद्यानुसार पोकरचे टेबल चालवायचे तर कुत्र्यांच्या शर्यती घेणं बंधनकारक होतं. म्हणून रिकाम्या खुर्च्यांसमोर कुत्री पळत राहिली, आणि आत पत्त्यांचा डाव रंगत राहिला. राज्याने २०१३ पासून ट्रॅकवरच्या मृत्यूंची नोंद सक्तीची केल्यावर दिसलं की सरासरी दर तीन दिवसांनी एक कुत्रा मरतोय.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जनमत घेतलं गेलं. बदलासाठी ६० टक्के मतं लागत होती, ६९ टक्के मिळाली. २०२० संपता संपता फ्लोरिडातल्या शर्यती थांबल्या. २०२२ च्या अखेरीस आर्कान्सामधला ट्रॅकही बंद झाल्यावर देशात उरले दोन, दोन्ही वेस्ट व्हर्जिनियात. आणि दोन्ही कॅसिनोला जोडलेले.

मकावमधला कॅनिड्रोम ट्रॅकही २०१८ मध्येच बंद पडला. तिथे दत्तक योजनाच नव्हती. परदेशातून आणलेला कुत्रा ट्रॅकवरून जिवंत बाहेर पडणं हा अपवाद होता. ट्रॅक बंद झाला तेव्हा मागे पाचशेहून जास्त कुत्री उरली, आणि स्वयंसेवी संस्थांनी ती देशोदेशी घरं शोधून पाठवली.

शर्यतवाले काय म्हणतात?

ब्रिटनमधली नियामक संस्था स्वतःची आकडेवारी दरवर्षी जाहीर करते, आणि त्यात सुधारणा आहे हे मान्य करावं लागेल. २०१८ मध्ये ९०० हून अधिक ग्रेहाऊंड मेले होते. उपचार परवडत नाहीत किंवा घर मिळत नाही म्हणून मारलेले त्यांत १७५ होते. २०२४ मध्ये हा दुसरा आकडा ३ वर आला. २०२० पासून प्रत्येक कुत्र्यामागे ४०० पौंडांची अनामत ठेवली जाऊ लागली, ती निवृत्तीनंतर त्याच्या पुनर्वसनासाठी.

पण त्याच २०२४ मध्ये ट्रॅकवर ३,८०० हून अधिक दुखापती झाल्या आणि १२३ कुत्री तिथेच मेली. निवृत्तीनंतरची हत्या नियमांनी थांबवता येते. वळण नियमांनी सरळ होत नाही. वेल्स सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला तेव्हा तिथे एकच ट्रॅक उरला होता.

आपल्याकडे?

महाराष्ट्रात ग्रेहाऊंडचा व्यावसायिक ट्रॅक नाही, पण वाद ओळखीचा वाटेल. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी आणली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. तिथेही एका बाजूला परंपरा आणि गावाचा अभिमान होता, दुसऱ्या बाजूला प्राण्याचे हाल. फरक एवढाच की बैल बहुतेकदा मालकाच्या गोठ्यात असतो आणि त्याला नाव असतं. ग्रेहाऊंडच्या धंद्यात कुत्रे शेकड्यांनी पैदा होतात, आणि पट्टीवरचा नंबर हीच त्यांची ओळख.

बंदी जाहीर झाली तेव्हा न्यूझीलंडसमोर काम होतं ते सुमारे २,९०० कुत्र्यांना घरं शोधण्याचं. ज्यांनी आधी असे कुत्रे घरी नेलेत त्यांचा अनुभव गमतीचा आहे. जगातला सर्वात वेगवान कुत्रा घरी आल्यावर दिवसाचा बराचसा वेळ सोफ्यावर झोपून काढतो. जिना चढणं, काचेचं दार, कपडे धुण्याच्या यंत्राचा आवाज, हे त्याला शिकवावं लागतं, कारण आयुष्यभर त्याने पिंजरा आणि ट्रॅक सोडून काही पाहिलेलं नसतं. अंगावर चरबी नाही, म्हणून थंडीत त्याला स्वेटरही घालावा लागतो.