तीन नाटके आणि वऱ्हाड

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला, म्हणून आपण त्याला नवा म्हणतो. वस्तुतः इंग्रजी अमदानीतील वऱ्हाडात 'बासीम' हा स्वतंत्र जिल्हाच होता. १९०५ साली तो अकोल्यात विलीन करण्यात आला. त्याहून मागे गेलो तर हेच वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. तेथील राजा सर्वसेन याने 'हरिविजय' नावाचे प्राकृत महाकाव्य रचले. ते आज उपलब्ध नाही. पुढील काळातील साहित्यशास्त्रकारांनी त्याचे उल्लेख केले आणि त्यातील काही गाथा उद्धृत केल्या, म्हणूनच ते होते एवढे आपणांस कळते.

शेक्सपिअरच्या बाबतीतही हेच घडण्याच्या बेतात होते. १६१६ साली तो वारला तेव्हा त्याची जवळजवळ निम्मी नाटके छापलेलीच नव्हती. त्याच्या नाटक मंडळीतील जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या दोघा नटांनी १६२३ साली त्याची ३६ नाटके एका मोठ्या ग्रंथात एकत्र केली. हाच तो 'पहिला फोलिओ'. त्यातील १८ नाटके त्यापूर्वी कधीही छापून आलेली नव्हती. 'मॅकबेथ' त्यांतलेच, 'टेम्पेस्ट'ही त्यांतलेच.

ही नाटके त्याची नव्हेतच, असा वाद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झाला. कोणी फ्रान्सिस बेकनचे नाव घेतले, कोणी ऑक्सफर्डच्या उमरावाचे. हा उमराव १६०४ सालीच मरण पावला होता, ही अडचण मात्र त्याच्या कैवाऱ्यांना फारशी जाणवत नाही! गावच्या शाळेत शिकलेल्या मुलाला एवढे कसे साधेल, ही या संशयामागची खरी भावना. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधील नोंदवहीत २६ एप्रिल १५६४ रोजी त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. अशा नोंदवह्या लिहिण्यात माझे आयुष्य गेले आहे. त्यांतून माणसाची प्रतिभा कळत नाही, हे मी जाणतो. परंतु शेक्सपिअरने मृत्युपत्रात हेमिंग्ज व काँडेल यांना स्मरणाची अंगठी करण्यासाठी पैसे ठेवले होते. ज्यांनी त्याच्यासोबत रंगभूमीवर काम केले, त्यांची साक्ष मला पुरेशी वाटते.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. अकोल्याच्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी शिक्षक होते. १८७९ साली त्यांनी 'सिंबेलिन'चे 'तारा' हे रूपांतर केले, १८८१ साली 'विंटर्स टेल'चे 'मोहविलसित', आणि 'ऑल्स वेल दॅट एंड्स वेल'चे 'वल्लभानुनय'. ही तिन्ही मूळ नाटके त्या अठरांपैकीच! ते दोन नट नसते, तर अकोल्याच्या या गुरुजींच्या हाती त्यांतले एकही येते ना. 'तारा'चा प्रयोग इचलकरंजीकर मंडळीने बडोद्यास केला. तेथील प्राध्यापक हॅरॉल्ड लिटलडेल यांनी तो पाहून १८८० साली एका विलायती मासिकात त्यावर लेख लिहिला. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची आपली तेव्हाची रीत शेक्सपिअरच्या काळातील लंडनचीही होती, त्यामुळे मूळ लेखकाला तो प्रयोग फारसा परका वाटला नसता.

याच शाळेतील महाजनींचे विद्यार्थी म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. १८८२ साली टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले, आणि १८८३ साली त्यांचे 'विकारविलसित', म्हणजे मराठी 'हॅम्लेट', प्रसिद्ध झाले. 'मोहविलसित' आणि 'विकारविलसित' ही नावे शेजारी ठेवली की गुरूची छाया शिष्यावर पडलेली मला तरी दिसते. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी ही भूमिका इतकी गाजवली की लोक आगरकरांचे पुस्तक न वाचताही हॅम्लेटला ओळखू लागले.

पुढे नागपूरच्या नाना जोगांनी 'हॅम्लेट' पुन्हा मराठीत आणले, आणि त्यांचाच अनुवाद २०१८ साली चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली नव्याने रंगभूमीवर आला. सुमीत राघवन हॅम्लेट झाले. महाजनींच्या तिन्ही नाटकांना मात्र पुढे असा गणपतराव लाभला नाही. १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेल्या या गृहस्थांचे नाव आज वऱ्हाडातही क्वचितच निघते. कोणा वाचकाच्या माळ्यावर 'तारा'ची जुनी प्रत असेल, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या वाचनालयात अवश्य दाखवावी.