ठरावाची वही आणि दिल्लीतली एक रात्र

आम्ही गोरेगावहून बोलतोय.

बचत गटाची बैठक कशी होते, ते तुम्हाला सांगायला नको. आधी निरोप जातो, विषय कळतात, चर्चा होते. मग सचिवताई वहीत ठराव लिहितात आणि आपण सह्या करतो.

देशाचं मंत्रिमंडळही असंच चालायला हवं. तिथली वही सांभाळणारं खातं म्हणजे दिल्लीचं मंत्रिमंडळ सचिवालय. ते पंतप्रधानांच्या हाताखाली असतं, त्याचे प्रमुख कॅबिनेट सचिव. बैठकीचे कागद मंत्र्यांना आधी पोचवायचे, निर्णयाची नोंद ठेवायची, तो अमलात आला का ते पाहायचं, दोन खात्यांचं जुळत नसेल तर मेळ घालायचा, ही त्याची कामं. कोणता विषय मंत्रिमंडळापुढे न्यायचा, याचे नियम १९६१ साली झाले. त्यातला बारावा नियम म्हणतो, गरज पडली तर पंतप्रधान या नियमांना बगल देऊ शकतात.

२५ जून १९७५ च्या रात्री तेच झालं. पंतप्रधान इंदिरा गांधींनी या नियमाचा आधार घेतला आणि मंत्रिमंडळाला न विचारता आणीबाणीचा कागद राष्ट्रपतींकडे पाठवला. त्यावर सही झाली. पहाटेपासून धरपकड सुरू झाली. मंत्र्यांची बैठक सकाळी सहाला! तिथे फक्त मंजुरी उरली होती. कॅबिनेट सचिव बी. डी. पांडे यांनाही आणीबाणीची बातमी सकाळीच कळली. म्हणजे वही होती, पण ठराव आधी आणि बैठक मागाहून.

त्याची झळ आमच्या गोरेगावालाही लागली. इथल्या मृणालताई गोरे म्हणजे आमच्या पाणीवाल्या बाई. नळाच्या पाण्यासाठी हंडे घेऊन आणि महागाईविरुद्ध लाटणी घेऊन त्यांनी बायकांना रस्त्यावर आणलं होतं. आणीबाणीत त्या काही महिने भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या, तुरुंगात गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी त्यांना उत्तर मुंबईतून लोकसभेत पाठवलं, आणि इंदिराबाई हरल्या. तेव्हा घोषणाच झाली होती : ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’

त्याच लोकसभेच्या काळात, १९७८ साली, ४४ वी घटनादुरुस्ती झाली. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही, असं राज्यघटनेतच लिहिलं गेलं. तोवर ‘मंत्रिमंडळ’ म्हणजे कॅबिनेट हा शब्दही घटनेत नव्हता. बारावा नियम मात्र अजून आहे. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे आपल्या महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठवली, तीही त्याच नियमाने.

कधी घाईची वेळ येतेच, हे आम्हालाही मान्य आहे. घरात कुणी आजारी पडलं, तर गटाचे पैसे बैठकीची वाट बघत थांबवता येत नाहीत. पण घाई आणि सवय यांत फरक आहे. म्हणून कुणी लिहून तयार ठराव पुढे करून “ताई, इथे सही करा” म्हटलं, तर हात थांबवा आणि विचारा : बैठक कधी झाली? विषय कुणाला कळवला होता?

हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. वही सगळ्यांची आहे, एवढीच ती आठवण.